हळदीची ब्रेसलेटं

"आक्का, ब्रेसलेट लई भारी झाले. फक्त एक कर, उद्या घालायला तूच बस. अन् कोणी इचारलं तर तूच केले म्हून सांग."

हे माझी चुलत बहीण बोलली. तिच्या मुलीची हळद दुसऱ्या दिवशी होती, दारात मांडव उभा राहत होता, आणि मी बदनापूरहून ब्रेसलेटांची पिशवी घेऊन येऊन नुकतं पाणी प्यायले होते. ब्रेसलेटं मी केलेली नव्हती. ती माझ्या भावजयीनं केली होती. माझा धाकटा भाऊ वारला, त्याची ही बायको. बहिणीला हे पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ती तसं बोलली.

मला राग आला तो अजून गेलेला नाही. तो जावा म्हणून मी हे लिहीत नाही. काय झालं ते सरळ सांगते.

बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. भाऊ काविळीनं गेला तेव्हा मी दुकान बंद करून गावी गेले होते. आमचं गाव हसनाबादच्या पुढे आहे. तिथे दुसऱ्या दिवशी बायका भावजयीला अंगणात घेऊन बसल्या आणि एकीनं दगड मागितला, बांगड्या फोडायला. मी मधे पडले. म्हटलं, आपल्यात हे नसतं. आपल्यात म्हणजे बौद्धांत. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हा घरातले देव गोणपाटात बांधून नदीत सोडले होते, हे ऐकत आम्ही सगळ्या लहानाच्या मोठ्या झालो. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "अगं, देव सोडले, रीत थोडीच सोडली?" बाकीच्यांनी माना हलवल्या. जणू फार शहाणपणाचं काही बोलली.

मी दगड लांब फेकला आणि साबणाच्या पाण्यानं बांगड्या स्वतः उतरवल्या. फोडू दिल्या नाहीत एवढंच. "मोडल्या काय अन् काढल्या काय, एकच," असं त्या म्हातारीनं ऐकवलंच.

भावजयीला मूलबाळ नाही. आमचे आईवडील आधीच गेलेले. गावातल्या घरात ती एकटी उरली, म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. उपकार म्हणून नाही. मला दुकानात माणूस हवं होतं. पण शिलाई मशीनशी तिचं जमेना. पाय चालला की हात थांबायचा, हात चालला की पाय. दोन गणवेशांच्या बाह्या उलट्या लागल्या तेव्हा मी तिला मशीनवरून उठवलं आणि काजं-बटनं दिली. बटनांच्या डब्याशी तिचं लगेच जुळलं.

माझी मुलगी कॉलेजात आहे. तिनं मोबाइलवर दोऱ्याच्या ब्रेसलेटचा व्हिडिओ दाखवला आणि आठवडाभरात भावजय तो व्हिडिओ न बघता करायला लागली. रीत सोपी आहे. दोरा मधोमध दुमडायचा आणि दुमडीला फासा ठेवायचा, कारण बटन त्यातूनच जायचं असतं. तो फासा परीक्षेच्या पॅडच्या चिमट्यात अडकवायचा आणि त्याखाली दुसरा दोरा मधोमध बांधायचा, म्हणजे चार पदर होतात. मधले दोन पदर ताणून धरायचे आणि बाहेरच्या पदरांनी त्यांच्यावर गाठी मारत यायचं, एक डावीकडून, एक उजवीकडून. एकाच बाजूनं मारत राहिलं की पट्टी पिळत जाते. मणी मधल्या पदरांत ओवला की बाहेरचे पदर त्याला वळसा घालून खाली येतात. शेवटी बटन, त्याखाली घट्ट गाठ, आणि कापलेल्या टोकाला पेटती उदबत्ती लावायची. नायलॉन वितळून टोक बसतं.

कस लागतो तो फाशाला. फासा बटनाच्या मानानं किंचित लहानच ठेवावा लागतो. सैल ठेवला तर महिन्याभरात ब्रेसलेट रस्त्यात पडतं. घट्ट ठेवला तर नवीन असताना बटन आडवं करून अंगठ्यानं ढकलावं लागतं, आणि ते स्वतःच्या हाताला स्वतः जमत नाही. चार-आठ वेळा घातलं की फासा सरावतो, मग एका हातानंही लागतं. म्हणून पहिल्यांदा ब्रेसलेट घालून देण्याचं काम करणारीचं. आमच्या दुकानात हे असंच चालतं. जालन्याला गाडीनं जाणाऱ्या कॉलेजच्या पोरी येतात, रंग निवडतात, आणि मग काउंटरवरून हात पुढे करतात. भावजय मनगट धरते, बटन ढकलते, एकदा ओढून बघते आणि म्हणते, "जा, आता तोडल्याबिगर निघत न्हाई." पोरी हसतात. दिवसभरात ती बोलते ते बहुतेक एवढंच.

काळे मणी मात्र ती वापरत नाही. कारण विचारायची मला गरज पडली नाही. काळा मणी तान्ह्या पोराच्या मनगटात चालतो, नवरा असलेल्या बाईच्या गळ्यात चालतो, पण तो कोणी ओवायचा यावरही लोकांची मतं असतात.

जिची हळद होती ती माझी भाची जालन्याला नर्सिंगला होती. येता-जाता दुकानात टेकायची. लग्न ठरल्यावर एक दिवस आली आणि सरळ भावजयीसमोर बसली.

"मामी, हळदीला माझ्या सगळ्या मैत्रिणींना एकसारखे पाहिजे. पिवळा दोरा, हिरवे मणी, अन् ते शिंपल्याचे बटन हायेत ना तुझ्याकडं, ते."

"देते करून."

"करून देते न्हाई. येऊन घालायचे. तूच. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची मामी येऊन घालणार म्हून."

भावजयीनं हातातली गाठ ओढून घट्ट केली. भाऊ गेल्यापासून ती कुठल्या कार्याला गेली नव्हती. म्हणजे एका बारशाला गेली होती. तिथे तिला पाळण्याजवळ कोणी बोलावलं नाही आणि ती मागच्या दारी भांडी घासून परत आली. त्यानंतर मी चल म्हणायची, ती नको म्हणायची.

"येते," ती म्हणाली.

मला वाटलं, पोरगी गेली की ही शब्द फिरवेल. फिरवला नाही. उलट कामाला लागली. जालन्याच्या बाजारात पिवळा दोरा मिळाला तो तिला पसंत पडला नाही, फार भडक म्हणाली, मला पुन्हा पाठवलं. बटनं एकेक घासून धुतली. भाचीचं स्वतःचं ब्रेसलेट तिनं शेवटी करायला घेतलं, दुहेरी पट्टीचं. ते अर्धं राहिलं म्हणून ठरलं की मी बाकीची घेऊन आदल्या दिवशी पुढे जायचं, स्वयंपाकाच्या तयारीला हात लावायचा, आणि तिनं उरलेलं पूर्ण करून हळदीच्या दिवशी यायचं.

तशी मी गेले, आणि बहिणीनं ते वाक्य माझ्यापुढे ठेवलं.

"मी कशाला सांगू मी केले म्हणून?" मी विचारलं.

"हळू बोल ना. आत बाया हायेत."

"मी हळूच बोलतेय. तिनं केलेत, ती येऊन घालणार. तुझ्याच पोरीनं बोलावलंय तिला."

"पोरीला काय कळतं? आक्का, समजून घे. वहिनीला येऊ दे ना, मी कुठं नको म्हणते? येऊ दे, जेवू दे. पण हळदीच्या टायमाला पोरीच्या हाताला... पोराकडच्या बाया हळद घेऊन येणार हायेत. त्याची आजी लई पाहते म्हणे."

"काय पाहते?"

"तेच."

ते काय हे ती उच्चारत नव्हती. मी तिला उच्चारायला लावणार होते. "तेच म्हणजे काय? बोल ना. तोंडानं बोल."

"तुझं काय जातंय बोलायला?" ती चिडली. "तुझा नवरा धडधाकट हाय. तुझा हात चालतो."

माझा नवरा घरी पत्ते कुटत बसला होता. दुपारपासून रात्रीपर्यंत तो तेच करतो. त्या माणसानं जिवंत राहण्यापलीकडे माझ्या हाताच्या शुभपणासाठी काडीचं काम केलेलं नाही. आणि जिनं बोटं सुजेपर्यंत गाठी मारल्या, तिचा हात चालत नाही! वर मांडवाच्या तोंडाशी पोरं फ्लेक्स बांधत होती. त्यावर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांचे फोटो, आणि खाली नवरा-नवरी. परवा त्याच मांडवात आम्ही सगळे हात जोडून त्रिशरण म्हणणार होतो. हे मी तिला म्हणाले.

"ते लग्नात. ही हळद हाय," ती म्हणाली.

मी पिशवी उचलली. "मग हळदीला हिरव्या बांगड्याच घाला," असं म्हणाले आणि निघाले. ती मांडवाच्या कोपऱ्यापर्यंत मागे आली, "आक्का, असं काय करते, आक्का, पाहुणे पाहून राह्यले," करत. मी थांबले नाही. तिचं सासर हसनाबादजवळच; हसनाबादला काळी-पिवळी जीप मिळाली. बाजूच्या बाईनं विचारलं, पिशवीत काय आहे. मी सांगितलं, बटनं.

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. भावजय ओसरीत पॅड घेऊन बसली होती. दुहेरी पट्टीचं शेवटचं टोक बाकी होतं. माझ्या हातात पिशवी बघून तिनं ते खाली ठेवलं.

"ताई, परत कामून आणले?"

मी सगळं सांगितलं. जसं झालं तसं, बहिणीच्या शब्दांत. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल बरं केलं. तिनं विचारलं, "तुमाला परत आणायला कोणी सांगितलं व्हतं?"

"अगं, ती तुझा अपमान करत होती."

"माझा ना? मंग मला इचारायचं." तिचा आवाज इतका वर गेलेला मी ऐकला नव्हता. "तिनं मला न इचारता ठरवलं. तुमी बी मला न इचारताच ठरवलं. दोघी बहिणी बराबर एकसारख्या."

"म्हणजे मी तिथे हसत तिचं ऐकायचं होतं? माझ्या नावावर खपवायची होती तुझी ब्रेसलेटं?"

"तिथं ठेवून यायचे. मी उद्या येणारच व्हते ना. पोरीला शब्द देल्ता मी. आता ती म्हणंल, मामी रुसली, सामान परत नेलं. तुमचा राग झाला अन् नाव माझं झालं."

मी पिशवी परत आणली ते बरोबरच केलं, असं माझं आजही मत आहे. तिचं तसं नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि होणार नाही. पण त्या संध्याकाळी तिनं उदबत्ती पेटवली, शेवटचं टोक बसवलं आणि म्हणाली, "उद्या मी जाणार. तुमाला यायचं तर या. पण तिथं तोंड उघडायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

मी गेले. न जाऊन काय करते?

हळद दुपारची होती. आम्ही पोचलो तेव्हा मांडव भरत आला होता. भावजयीनं रोजच्यातलीच एक साडी नेसली होती, फिक्या निळ्या रंगाची. नवरीसाठी पाट मांडला होता. त्याच्या शेजारची खुर्ची तिनं ओढली, बसली, आणि मांडीवर पिशवी उघडली. इतकं साधं. मी तिच्या मागे उभी राहिले.

बहीण हळदीची वाटी घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. आधी माझ्याकडे आली. दातांवर दात ठेवून म्हणाली, "आक्का, तू काल घेऊन गेल्ती ना?"

"तिलाच विचार," मी म्हणाले. तोंड बंद ठेवण्याचं मी कबूल केलं होतं, आणि एवढं बोललेलं चालेल असं मला वाटलं.

बहिणीनं चेहरा गोड केला. "वहिनी, आत चला ना. चहा घ्या. आत बाया हायेत सगळ्या."

"चहा इथंच पाठवा, ताई. इथं हवा हाय."

"मी काय म्हणते, तुमी दमून आल्या. आक्का घालंल सगळ्यांना. तुमी निवांत बसा."

"त्यांच्या अंगठ्यात जोर न्हाई," भावजय म्हणाली. "दुकानात बी बटन मीच लावते. इचारा त्यांना."

ही थाप होती. माझ्या अंगठ्यात भरपूर जोर आहे, गणवेशांची बटनं मी आयुष्यभर लावत आलेय. मी मान डोलावली.

तेवढ्यात भाची बाहेर आली, पिवळ्या साडीत, कोपरापर्यंत मेंदी. मामीला पाहून तिनं सरळ पाटावर बसून हात पुढे केला. आई म्हणाली, "आधी हळद लागू दे." पोरगी म्हणाली, "हळदीच्या हाताला बटन लागंल का मंग? आधी हे." मला हसू आलं. पोरगी नर्स होईल तेव्हा डॉक्टरांना त्रास होणार.

भावजयीनं दुहेरी पट्टीचं ब्रेसलेट काढलं, मनगटाला गुंडाळलं, बटन आडवं धरलं आणि ढकललं. नवा फासा, दोन पदरी, जायला तयार नव्हता. तिनं दुसऱ्यांदा ढकललं. बसलं. तिनं ओढून बघितलं. "जा," ती म्हणाली, "आता तोडल्याबिगर निघत न्हाई," आणि लगेच ओठ चावला. लग्नाच्या मुलीला तोडण्याची भाषा. मागून कोणीतरी "शिवशिव" केलं. बौद्धांच्या मांडवात शिवशिव. मी वळून बघितलं, पण कोण होती ते कळलं नाही. भाचीला काही ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर तिनं दाखवलं नाही. ती हात वर करून मैत्रिणींना ओरडली, "या गं, लाइन लावा!"

पोरी आल्या. सगळ्या नाही आल्या. एकीची आई येऊन तिला दंडाला धरून घेऊन गेली, "चल, नंतर घालू," म्हणत. ती पोरगी नंतर आली नाही. दुसरी एक हातात घेऊन म्हणाली, मी घरी जाऊन घालते. भावजयीनं तिला दिलं. मला ते हिसकावून घ्यावंसं वाटलं. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते.

मग पोराकडच्या बायका हळद घेऊन आल्या. ती आजी, जिच्या भीतीनं हा सगळा कारभार चालला होता, दोघींच्या आधारानं गाडीतून उतरली. म्हातारीनं मांडवात नजर फिरवली आणि विचारलं, "खुर्ची हाय का गं? गुडघे गेलेत माझे." तिला खुर्ची दिली. ती बसली आणि गुडघे चोळायला लागली. ब्रेसलेटाकडे तिनं बघितलंही नाही, आमच्याकडेही नाही. तिला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, मला माहीत नाही. कोणी तिला विचारलंच नव्हतं. माझ्या बहिणीनं तिच्या वतीनं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. कोणी हुकूम दिला असता तर भांडता तरी आलं असतं. इथे हुकूम देणारं कोणीच नव्हतं, आणि पाळणाऱ्या सगळ्या होत्या.

हळद सुरू व्हायची वेळ झाली. फोटोवाला पुढे आला. त्याला नवरीच्या भोवती ब्रेसलेट घातलेले हात हवे होते, गोल करून, सगळे एकावर एक. पोरी वाकल्या. शेवटच्या एका लहानशा पोरीचं बटन अजून लागलं नव्हतं आणि भावजय तिचं मनगट धरून बसली होती, अगदी त्या गोलाच्या मधे.

"ओ मावशी," फोटोवाला म्हणाला, "जरा बाजूला सरका. फोटोत येऊन राह्यल्या तुमी."

तो बाहेरगावचा होता. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं एक फिकी साडी आणि मोकळा गळा बघितला, आणि हिला सरकवायचं असतं हे त्याला न सांगता कळलं. माझं तोंड उघडलं.

भावजयीनं वर न बघता हात केला, मला की त्याला ते कळलं नाही. "थांबा," ती म्हणाली. "बटन बसू द्या."

तो थांबला. पोरींचे हात तसेच हवेत राहिले. माझी बहीण हळदीची वाटी धरून फोटोवाल्याच्या मागे उभी होती. सरका असं ती म्हणाली नाही. राहू द्या असंही म्हणाली नाही. भावजयीनं फासा बोटांनी थोडा ताणला, बटन वाकडं केलं, ढकललं, ओढून बघितलं, आणि खुर्चीवरून न उठता पोरीचा हात बाकीच्या हातांवर नेऊन ठेवला.

"काढा आता," ती म्हणाली.

त्यानं काढला. ती त्या फोटोत आहे, फिक्या निळ्या साडीत, बरोबर मधे. बहिणीनं तो अल्बममध्ये लावला की नाही, मला ठाऊक नाही. लग्नानंतर तिनं मला अल्बम दाखवलेला नाही, आणि मी मागितलेला नाही.